तू नुसती बी मागितली होतीस

शकू, मला भीती वाटतेय.

हे वाक्य माझ्या तोंडून तू हजारदा ऐकलंस. लिफ्टची भीती, सुपरवायझरची भीती, रिक्षावाला नेहमीची गल्ली सोडून दुसरीकडे वळला तरी भीती. तू म्हणायचीस, "विजे, सुकलेल्या आलुबुखारासारखं तोंड करून बसू नको. काय ते सांग." तर सांगते. उद्या रविवारी तुझ्या दारात मांडव पडेल, पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसतील, त्रिशरण-पंचशील होईल आणि मग तुमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे एकेक जण माईकवर येऊन तुझ्याबद्दल बोलेल. काल तुझ्या नवऱ्याचा, भाऊजींचा, फोन आला. म्हणाले, "ताई, तुम्ही कंपनीतल्या आठवणी सांगायच्या. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर तिथेच खाली बसले. कारण तुझ्याबद्दल जे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे, ते फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता एकटीलाच माहीत आहे.

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी मी तुला चार आलुबुखार दिले होते.

लिहून टाकलं. आता कोणी बघितलं तर, म्हणून दार लावून आले.

तू वर कुठे बसलेली वगैरे नाहीस हे मला ठाऊक आहे. तूच समजावलं होतंस की तुमच्यात तसलं काही मानत नाहीत. तरी बोलू कोणाशी? पंधरा वर्षं कामाच्या टेबलाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तू. चारकोपच्या इस्टेटमधला तो सुक्या मेव्याचा गाळा, डोक्याला टोप्या, हातात मोजे, मधे आलुबुखारांचा काळा ढीग. परदेशातून येतानाच त्यांच्या बिया काढलेल्या असायच्या, पण मशीन ते मशीन. शेकड्यात एखादी बी आत राहायचीच, आणि ती कोणाच्या दाताखाली आली की गाळ्यात बोंब. म्हणून एकेक आलुबुखार अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबायचा. मी दाबायचे, परत दाबायचे, मग शंका आली म्हणून तिसऱ्यांदा दाबायचे. तू माझ्याशी गप्पा मारत, टेबलाकडे न बघता, बीवाला बरोबर बाजूला फेकायचीस. "हात बघतात गं," म्हणायचीस. "डोळे काय, ते तर तुझ्याकडेच बघून कंटाळले."

पहिल्या दिवशी आपल्या दोघींनाही ते फळ माहीत नव्हतं. खोक्यावर एक नाव, हमाल दुसरं घेत होते. गोणीतून बिर्याणीवाल्याकडे गेला की तो आलुबुखार, आणि छोट्या चकचकीत पाकिटात शिरला की प्रून. पाकिटातला प्रून अंधेरीच्या दुकानांत जायचा आणि पोट साफ होत नाही हे चारचौघांत न सांगणारी माणसं तो घेऊन जायची. नाताळच्या आधी मढच्या बायका केकसाठी किलोकिलोने न्यायच्या, दारूत भिजत घालायला. तू म्हणायचीस, "बघ, एकच माल. गरिबाकडे जेवणात, श्रीमंताकडे औषधात, आणि मढला दारू पिऊन मजेत." माझ्या आईला मी सांगितलं की हे परदेशी आमसूल. तिने ते बांगड्याच्या कालवणात घातलं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तू ते ऐकून इतकी हसलीस की सुपरवायझर उठून आला.

बीवाले बाजूला पडायचे ते विकता येत नसत. ते शनिवारी आपण वाटून घरी न्यायचो. तू त्यांची लसूण आणि लाल मिरची घालून चटणी करायचीस, भाकरीबरोबर. ती तुझी चटणी माझ्या डब्याच्या झाकणावर आधी काढून ठेवायचीस, आणि माझी भाजी तुझ्या झाकणावर. मग जेवायला सुरुवात. लोक म्हणतात आम्ही पंधरा वर्षं एका डब्यात जेवलो. तसं नव्हतं. एकदा हात लागला की त्यातलं दुसरीला द्यायचं नाही, हा तुझा नियम होता. म्हणजे तुझ्या आईचा. गावाकडे तिच्या सासूला लोकांचं उरलेलं, खाऊन झालेलं आणावं लागायचं, अंगणात उभं राहून. मुंबईला आल्यावर तुझ्या आईने घरात सांगून टाकलं, की आता उष्टं खायचं नाही, कोणाचंच नाही, स्वतःच्या लेकराचंसुद्धा नाही. तू हे मला एकदाच सांगितलंस, चटणी काढता काढता, आवाज न चढवता. मी ते कायमचं लक्षात ठेवलं.

लक्षात ठेवायला मला एक कारणही होतं. ते तुला माहीत होतं की नाही, हे मी तुला कधी विचारू शकले नाही. तू पहिल्यांदा माझ्या घरी आलीस तेव्हा स्वयंपाकघरातून माझी आई म्हणाली होती, "तिका तो कान तुटलेलो कप दी." हळू बोलायची तिला सवयच नव्हती. मी चांगला कप घेऊन बाहेर आले, पण तू म्हणालीस, "मी चहा पीत नाही." दुसऱ्या दिवशी गाळ्यात तू दोन ग्लास चहा प्यायलीस आणि मी मान खाली घालून आलुबुखार दाबत राहिले. आपण राजकारणावर भांडलो, नवऱ्यांवर भांडलो, मोजे घालायचे की नाही यावर तर रोज. त्या कपावर एक शब्द नाही. आई वारल्यावर तू माझ्याकडे तेरा दिवस भाकऱ्या करून आणल्यास. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं. तेव्हाही घाबरले.

मग तुझ्या किडन्या गेल्या. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. पाणी मोजून, मीठ नाही, आणि काय खायचं नाही त्याची ही मोठी यादी. त्यात केळं, नारळपाणी, टोमॅटो, सुका मेवा सगळं. तू यादी वाचून म्हणालीस, "पंधरा वर्षं ज्याच्यावर जगले तेच विष झालं बघ." तुझ्या तोंडाला सतत लोखंडाची चव यायची. जीभ कोरडी, ओठ फुटलेले. पाणी मागायचीस आणि पूजा, तुझी सून, रडवेली होऊन अर्धा कप द्यायची. तिथले पेशंट एकमेकांना सांगत, मशीनवर चढल्यावर पहिल्या तासात आवडीचं थोडंसं खाऊन घ्यायचं, मशीन ते काढून टाकतं. मी तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी पदराच्या टोकाला एक बीवाला आलुबुखार बांधून आणायला लागले. एकच. तू गर संपवायचीस आणि बी गालात ठेवून तासन् तास चघळायचीस. "पाणी सुटतं गं तोंडाला," म्हणायचीस. "फुकटचं पाणी, कप मोजायला नको." मी दर वेळी दाराकडे बघत बसायचे, सिस्टर आली तर काय म्हणून. माझ्या जिवाची घालमेल बघण्यात तुला बी चघळण्याइतकीच मजा येत असावी.

त्या रविवारी मी तुझ्या घरी आले. मशीनचा दिवस नव्हता. गुरुवार होऊन गेलेला, सोमवार यायचा होता, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब अंतर. पूजा आत पोळ्या करत होती. तुझे पाय सुजलेले. तू माझ्या पिशवीकडे बघितलंस आणि शनिवारच्या वाट्याची, सोमवारी त्यातला एक द्यायचा म्हणून ठेवलेली पुडी तुला लगेच कळली. मी म्हटलं, "आज नाही. उद्या." तू म्हणालीस, "मला गर नको. नुसती बी दे. गर तू खा, बी मला दे."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या तोंडातली?"

"मग काय झालं? तू काय वाघीण आहेस?"

"शकू, उष्टी बी देऊ मी तुला?"

"अगं, तो आईचा नियम. आई गेली. मला तहान लागलीय."

मला जमलं नाही. माझ्या तोंडातून काढलेली बी तुझ्या हातावर ठेवायची, हे डोळ्यांसमोर आलं आणि त्या मागोमाग तो कप आला. मला वाटलं, जगात दुसऱ्या कोणीही हे केलं तर चालेल, माझ्या घरच्यांनी केलंय ते केलंय, मी नाही करणार. मी म्हटलं, "घ्यायचा तर आख्खा घे, मानाने." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं, मानाने दे." एक दिला. मी निघेपर्यंत बोलता बोलता चार झाले. दुसरा देताना घाबरले, तिसरा देताना कमी घाबरले, चौथ्याला आपण कोणाची तरी नक्कल करून हसत होतो. चाकूने गर कापून काढला असता आणि बी धुऊन दिली असती तर ना उष्टं, ना विष. हे मला आता सुचतंय. तेव्हा चाकू मागायला पूजाकडे जावं लागलं असतं, आणि पूजाला कळलं असतं, म्हणून सुचलं असतं तरी मागितला नसता.

सोमवारी सकाळी सेंटरला जाताना रिक्षातच तू गेलीस. पूजाच्या खांद्यावर मान टाकलीस, तिला वाटलं झोप लागली. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं, काही खाल्लं होतं का? हा प्रश्न घरी आला आणि घरभर फिरला. तुझी नणंद, आक्का, सगळ्यांसमोर म्हणाली, "ही पोरगीच पाजत होती नारळपाणी, मी बघितलंय." पूजाने एकदा, तुझ्या उलट्या चालू असताना, डॉक्टरांना फोनवर विचारून दोन चमचे दिले होते. तेही दोन महिन्यांपूर्वी. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. आता येणारी प्रत्येक बाई आधी तुझ्या फोटोला हात जोडते आणि मग पूजाकडे बघते. तुझा मुलगासुद्धा तिच्याशी धड बोलत नाही. आणि मी रोज तिथे जाते, चटईवर बसते, पूजाने आणून दिलेलं पाणी पिते. शकू, तो ग्लास मी तिच्याकडे न बघता परत करते.

बुधवारी मी सेंटरमध्ये जाऊन आले. मशीनवर एक नवाच, मला न ओळखणारा टेक्निशियन होता, त्याला म्हटलं, आमच्या ओळखीच्या एक आहेत, त्यांनी सुट्टीच्या दिवशी चार आलुबुखार खाल्ले तर? तो म्हणाला, "बंद करा हां मॅडम, एकदम बंद." मी विचारलं, चारांनीच माणूस जातो का? तो म्हणाला, "असं नाय सांगता येत. लांब गॅप असतो, हार्ट वीक असतं, आणखी काय काय खाल्लेलं असतं. पण चांगलं तर नाय ना." मग त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमचाच पेशंट आहे का?" मी नाही म्हटलं आणि जिना उतरून आले. तो नक्की हो म्हणाला असता तर मी मोडून पडले असते, आणि नाही म्हणाला असता तर आज निवांत झोपले असते. मला दोन्ही मिळालं नाही. हे असंच राहणार आहे, मी मरेपर्यंत.

उद्या बोलले तर काय होईल याचे सगळे प्रकार मी मनात करून बघितलेत. भाऊजी मांडवातून हाकलतील. तुझा मुलगा अंगावर येईल. पोलिसात जातील का? तुमच्या सेक्टरमधून मला नंतर जाता येईल का? कोणी म्हणेल, यांच्या घरच्या माणसांनी आमच्या बाईला मारलं, आणि ते कोणत्या अर्थाने म्हणेल हे मला कळेल. नाही बोलले तर काहीच होणार नाही. सुपरवायझरची गोष्ट सांगेन, बांगड्याच्या कालवणाची सांगेन, लोक हसतील, रडतील, मी जेवून घरी येईन. पूजा मागे भांडी घासत असेल. मला हेच करावंसं वाटतंय, शकू. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

*

वरचं शनिवारी लिहिलं. आज रविवार. संध्याकाळचे सहा वाजलेत. आजचं आता लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मी त्याला चांगलं रूप देईन.

मांडव भरलेला होता. तुझा तो चष्म्यातला फोटो लावलाय, तुला न आवडणारा. मेणबत्त्या लावून झाल्या, वंदना झाली, मग बोलणं सुरू झालं. तुझा भाऊ बोलला, वस्तीतल्या दोघी बोलल्या, महिला मंडळाची एक बाई इतकं बोलली की तूच उठून तिला बसवलं असतंस. आक्का पहिल्या रांगेत. पूजाला बसायला कोणी जागा दिली नव्हती, ती मागे पाण्याचे ग्लास भरत होती. मग माझं नाव पुकारलं.

मी कालवणाची गोष्ट सांगितली. लोक हसले. न बघता बी कशी ओळखायचीस ते सांगितलं. भाऊजी मान हलवत होते. तिथेच थांबता आलं असतं. मी टेबलाला धरलं. मी म्हटलं, "पूजाने शकूला काहीही दिलं नव्हतं. रविवारी मी दिलं. चार आलुबुखार. ती नुसती बी चघळायला मागत होती, तोंड कोरडं पडायचं म्हणून. मी तिला आख्खे दिले. मी दिले."

माईक कुठे ठेवायचा ते कळेना. तो हातातच राहिला आणि माझा श्वास सगळ्या मांडवाला ऐकू जात होता. आक्का म्हणाली, "काय बोलते ही बाई?" तुझा मुलगा उठला, मला वाटलं आता हात उगारणार, पण तो सरळ मांडवाबाहेर गेला. भाऊजी माझ्याजवळ आले. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "बसा ताई." बस्स, एवढंच. रागाने नाही, मायेनेही नाही. पुढच्या माणसाला बोलावलं. ते मला क्षमा करतील असं मला वाटत नाही, आणि मी मागणारही नाही. कपाचं बोलले नाही. तेवढं धाडस एका दिवसात झालं नाही. ते फक्त तुझं आणि माझं आहे, म्हणून इथे लिहिते. शकू, मला माफ कर. मी चांगला कप आणला होता गं, पण आईला तिथेच बोलायला हवं होतं, तू ऐकशील एवढ्या मोठ्याने.

जेवायला थांबले नाही. गल्लीच्या तोंडाशी पूजा मागून धावत आली. हात ओले होते. मी म्हटलं, "पूजा, मला उशीर झाला. बारा दिवस तुला ऐकून घ्यावं लागलं."

ती म्हणाली, "मावशी, मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय?"

"आईंच्या उशीखाली चार बिया होत्या. चादर बदलताना सापडल्या. एवढ्या चोखलेल्या, नुसतं लाकूड. घरात दुसरं कोण आणणार?"

"मग बोलली का नाहीस? त्यांच्या तोंडावर फेकायच्या होत्यास."

"मी सांगून कोणी ऐकलं असतं? म्हणाले असते, सून दुसऱ्यावर ढकलते." तिने ओले हात पुसले. मग म्हणाली, "आणि आई नेहमी म्हणायच्या, विजू भित्री आहे पण खोटी नाही. म्हटलं बघू. तुम्ही रोज येत होता. रोज वाटायचं, आज बोलतील."

मग ती रडायला लागली. तू गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी तिला धरून उभी राहिले, येणारेजाणारे बघत होते, आणि माझी पाचावर धारण बसली होती. घडून गेल्यानंतर. ती बारा दिवस माझ्यापुढे पाण्याचा ग्लास धरत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून. आणि तुझा तो शब्द खोटा पडता पडता किती थोडक्यात वाचला, हे तिला माहीत नाही. ती समजते मी बोलायचं ठरवून आले होते. तिला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, म्हणून तुला सांगते. महिला मंडळाची ती बाई बोलत होती तेव्हा मी हळूच उठून मांडवाच्या कडेला गेले होते, घरी निघून यायला. माझं नाव पुकारलं तेव्हा एक चप्पल माझ्या पायात होती.